दोनशे चौऱ्याण्णव किलोमीटर शिल्लक

सोमवारी संध्याकाळी ताईचा फोन आला तेव्हा तपासनीस इमारतीखाली उभ्या असलेल्या आपल्या गाडीत बसले होते. गाडी बंद होती आणि कुठे जायचंही नव्हतं. दर सोमवारी ऑफिसातून आल्यावर ते पाच मिनिटं गाडीत बसत, समोर दिसणारा किलोमीटरचा आकडा वहीत उतरवून घेत आणि मागच्या सोमवारपेक्षा तो फारसा पुढे सरकलेला नाही, या समाधानात वर येत. त्या दिवशीचा आकडा होता एकोणऐंशी हजार सातशे सहा.

"बाळ्या, घर विकलं बरं का मी," ताई म्हणाली. ती पासष्टची, तपासनीस अठ्ठावन्नचे. पण तिच्या लेखी ते अजून बाळ्याच होते. "रविवारी सकाळी निघते. लेकीकडे, परदेशात. कायमची."

"कायमची? अगं, असं अचानक?"

"अचानक कसलं? दोन वर्षं घसा कोरडा करतेय, एकदा ये, बोलायचंय म्हणून. आलास का? आता शनिवारी तरी ये. गाडी घेऊन ये. दीपगृह बघून येऊ, म्हणजे मी जायला मोकळी."

दीपगृह म्हणजे या बहीणभावांचं लहानपण. वडील तिथे दिव्याच्या नोकरीला होते. आई लवकर गेली, आणि त्या गोल जिन्यावर खाली-वर करणाऱ्या बाळ्याला ताईनेच कडेवर घेऊन वाढवलं. आता ताईचे गुडघे कामातून गेले होते, बसची पायरी चढवत नव्हती. दीपगृह तिच्या गावापासून अठरा किलोमीटर. गाडी घेतली त्याच दिवशी तपासनिसांनी तिला फोनवर शब्द दिला होता, की ताई, तुला दीपगृहापाशी मी नेतो. दोन वर्षांपूर्वी ते गेलेही होते. पण पोचल्या पोचल्या गाडीतून सामान काढताना त्यांची पाठ धरली, चार दिवस ताईच्या घरी आडवे पडून राहिले आणि पाचव्या दिवशी दीपगृह न बघताच परत आले. त्यानंतर जाणं झालं नव्हतं.

"येतो," तपासनीस म्हणाले. म्हणाले खरे, पण फोन ठेवायच्या आतच त्यांच्या डोक्यात बेरीज सुरू झाली.

इथे थोडं पट्ट्याबद्दल सांगायला हवं. गाडीच्या इंजिनात एक दातेरी रबरी पट्टा असतो. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. इंजिनाच्या पोटातल्या कुठल्या भागाने कधी वर यायचं आणि कुठल्या भागाने कधी खाली जायचं, हे तो सांभाळतो. झाकणाच्या आत असल्यामुळे तो दिसत नाही. तो कुरकुरत नाही, वास मारत नाही, आधी निरोप धाडत नाही. तुटतो तो एका क्षणात तुटतो, मग आतले भाग एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाची वाट लागते. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, की तो ऐंशी हजार किलोमीटरला बदलावा. तपासनिसांनी गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने मध्ये तो कधी बदलला होता का, हे त्या मालकालाही आठवत नव्हतं.

दुसरा कुणी असता तर गॅरेजमध्ये गेला असता आणि पट्टा बदलून मोकळा झाला असता. पण तपासनिसांचा जन्म लिफ्ट तपासण्यात गेला होता. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या सहीने चालत आणि त्यांच्या सहीने बंद पडत. मुदतीच्या आधी वस्तू बदलणं ही उधळपट्टी आणि मुदत उलटल्यावर बदलणं हा गुन्हा, असं त्यांचं तत्त्व होतं. बदलायची ती नेमकी मुदतीला. आणि मुदत जवळ आली की वापर कमी करायचा. लिफ्टचा दोर शेवटच्या टप्प्यात आला की ते दारावर लाल कागद चिकटवत, 'एका वेळी दोनच माणसे'. मग सातव्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जिना चढताना त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, पण तपासनीस बधत नसत.

दोन वर्षांपूर्वी ताईकडून परत येताना आकड्याने एकोणऐंशी हजार ओलांडले, तसा त्यांनी स्वतःच्या गाडीलाही मनातल्या मनात लाल कागद चिकटवला. शहराचा नकाशा टेबलावर पसरला, आपल्या घरावर कंपासचं टोक रोवलं आणि आठ किलोमीटरचं वर्तुळ काढलं. त्याबाहेर गाडी न्यायची नाही. पट्टा तुटलाच, तर दोन तासांत चालत घरी येता आलं पाहिजे, असा हिशेब.

आता गंमत अशी, की मुदत जवळ आली म्हणून गाडी वापरायची नाही, आणि गाडी वापरत नाही म्हणून मुदत काही येत नाही! दोन वर्षांत गाडी जेमतेम सहाशे किलोमीटर चालली. रविवारी बाहेर निघायची, भाजी, औषधं, वाणसामान घेऊन परत यायची. ताईने बोलावलं की तपासनीस म्हणत, "सुट्टी नाही गं." पट्ट्याचं खरं कारण सांगितलं असतं तर तिने उभं आडवं घेतलं असतं. आणि एकदा सुट्टी नाही म्हटल्यावर बसने तरी कोणत्या तोंडाने जायचं? बसलाही सुट्टी लागतेच.

वर येऊन त्यांनी बायकोपुढे बेरीज मांडली. "ताईचं गाव एकशेचाळीस. जाऊन-येऊन दोनशे ऐंशी. दीपगृहाचे छत्तीस. झाले तीनशे सोळा. आणि मुदतीला शिल्लक आहेत दोनशे चौऱ्याण्णव. बावीस किलोमीटर जास्त होतात."

"शेवटचे बावीस मी ढकलते," बायको म्हणाली. ती दंतवैद्याच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि दिवसभर दुसऱ्यांचे उघडे जबडे बघून संध्याकाळी तिच्यात फारशी सहनशक्ती उरत नसे.

"चेष्टा नको. पट्टा बदलल्याशिवाय निघता येणार नाही."

"मग बदला की! मी काय वेगळं सांगतेय दोन वर्षं? आमच्याकडेही येतात तुमच्यासारखे. दाढ किडलीय हे पक्कं ठाऊक असतं. तर काय करतात, त्या बाजूने चावायचंच सोडून देतात. आणि वर आम्हालाच सांगतात, दुखत नाही हो काही."

"दाढ वेगळी, पट्टा वेगळा."

"हो. दाढ निदान दुखते तरी," बायको म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

मंगळवारी तपासनीस अर्धा दिवस रजा टाकून गॅरेजमध्ये गेले. ज्या माणसाने दोन वर्षं सुट्टी नाही म्हणून सांगितलं, त्याला अर्धा दिवस मागितल्याबरोबर मिळाला, हे त्यांना जरा टोचलं. गॅरेजवाल्यांना सगळे डॉक्टर म्हणत, कारण लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला टेकवून ते आजार ओळखायचे.

"या साहेब," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "पट्टा ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोन वर्षांत सात वेळा येऊन विचारपूस करून गेलात. माझ्या सासऱ्यांची तब्येत कुणी इतक्यांदा विचारली नाही. मी तुम्हाला पहिल्याच वेळी म्हटलं होतं, वरचं झाकण चार स्क्रूंवर असतं, दोन मिनिटांत उघडून बघू. तुम्ही बघू दिलं नाही."

हे खरं होतं. उघडून बघितलं आणि पट्टा खराब निघाला, तर गाडी गॅरेजमधून घरी कशी न्यायची, हा तपासनिसांचा प्रश्न होता. आणि चांगला निघाला, तर त्या चांगलेपणावर भरवसा किती ठेवायचा, हा दुसरा. त्यापेक्षा झाकण बंद असलेलं बरं, असं त्यांनी सातही वेळा ठरवलं होतं.

"आता बघायचं नाही, बदलायचाच," ते ठामपणे म्हणाले. "शनिवारी बहिणीकडे जायचंय. रविवारी ती परदेशी चालली."

"मग उद्याच टाकतो. फक्त पट्टा मागवावा लागेल."

पट्टा बुधवारी येणार होता तो गुरुवारी आला. तपासनिसांनी तो हातात घेतला आणि खिडकीपाशी उभं राहून त्याचे दाते मोजायला सुरुवात केली. एकशे तेरा भरले. पुस्तकात एकशे अकरा लिहिले होते. त्यांनी खडूने खूण करून पुन्हा मोजले. डॉक्टरांनी मोजले तर एकशे बारा भरले. शेवटी समोरच्या पंक्चरवाल्याला बोलावून त्रयस्थ म्हणून मोजायला लावलं. त्याचेही एकशे तेराच भरले.

"दुकानदाराने दुसऱ्याच गाडीचा पाठवला," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "बरं झालं तुम्ही मोजलेत."

तपासनिसांना त्याही परिस्थितीत थोडा अभिमान वाटला. बरोबर दात्यांचा पट्टा शुक्रवारी संध्याकाळी हाती आला. तो त्यांनी उशाशी घ्यायचाच बाकी ठेवला.

"शनिवारी सकाळी सातला काम सुरू, दहाला मी निघतो, एकपर्यंत तुझ्या दारात," त्यांनी ताईला कळवलं.

"ये. सगळी भांडी खोक्यात गेली, दोन ताटं तेवढी बाहेर ठेवलीत," ताई म्हणाली. "जेवायला थांबते तुझ्यासाठी. उशीर करू नकोस रे."

शनिवारी सातला पाच मिनिटं कमी असताना तपासनीस इस्त्रीचा शर्ट घालून गॅरेजमध्ये हजर होते. डॉक्टरांनी गाडी वर उचलली, चाक काढलं आणि म्हणाले, "आधी वरचं झाकण काढून एकदा नजर टाकतो."

"नजर कसली टाकताय? बदलायचा म्हटल्यावर बदलायचा. वेळ नाही. सरळ कामाला लागा."

"दोन मिनिटं लागतील, साहेब."

"दोन मिनिटं म्हणता म्हणता तासभर जातो. मला काय माहीत नाही? मीही मेकॅनिक लोकांबरोबरच काम करतो."

दोन वर्षं ज्याने दोन मिनिटं बघू दिलं नव्हतं, त्याने आजही दिलं नाही. डॉक्टर बिचारे मुकाट्याने खाली बसले. पट्टा काढायचा तर आधी इंजिनाच्या खालच्या टोकाची चाकी काढावी लागते, आणि ती एका जाडजूड बोल्टवर बसवलेली असते. डॉक्टरांनी पाना लावला. बोल्ट हलेना. पान्याच्या दांड्यावर हातभर लांब पाइप चढवला. हलेना. तेल सोडलं, थांबले, पुन्हा जोर लावला.

"कुणा राक्षसाने आवळलाय हा!" ते घाम पुसत म्हणाले.

"मी धरू का?" म्हणून तपासनिसांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. दोघांनी मिळून पाइपवर भार टाकला. टक् असा छोटासा आवाज झाला आणि पाना एकदम सैल पडला. तपासनिसांना हायसं वाटलं.

"सुटला!"

"तुटला," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तळहातावर बोल्टचं डोकं होतं. बाकीचा बोल्ट आतच राहिला होता.

"मग आता?"

"आतला तुकडा कोरून काढायला वेगळा माणूस लागतो. तो सोमवारी येतो."

"आणि तोपर्यंत गाडी?"

"तोपर्यंत गाडी इथून वीतभरही हलायची नाही."

तपासनीस एका आडव्या ठेवलेल्या टायरवर बसले. कुणावर तरी ओरडावं असं त्यांना वाटलं, पण ओरडण्यासारखं माणूस आसपास एकच होतं आणि त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. डॉक्टरांना हात रिकामे राहायची सवय नव्हती म्हणून त्यांनी वरच्या झाकणाचे चार स्क्रू काढले आणि आत बॅटरीचा उजेड टाकला.

"साहेब, जरा इकडे या."

आत पट्टा होता. काळाभोर, भेग नाही, सुरकुती नाही, वरची छापील अक्षरंसुद्धा पुसलेली नाहीत. कडेला पांढऱ्या रंगाने कुणीतरी तारीख घातली होती, दोन वर्षांपूर्वीची.

"हा कोरा करकरीत आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "पट्टा बदलला की आम्ही लोक अशी तारीख घालतो. दोन वर्षांत तुमची गाडी चालली किती?"

"सहाशे."

"मग अजून एकोणऐंशी हजार चारशे किलोमीटर याच्याकडे बघायला नको."

तपासनिसांनी आधी बायकोला फोन केला. "गाडीचा पट्टा तू बदलून घेतला होतास?"

"मी? मी बदलून घेतला असता तर त्याच दिवशी सांगितलं असतं, आणि त्यानंतर रोज ऐकवलं असतं," बायको म्हणाली. ते खरंच होतं.

मग त्यांनी खिशातली वही काढून मागची पानं चाळली. त्या तारखेसमोर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'ताईकडे. पाठ. दिवसभर आडवा.' वही तशीच उघडी ठेवून त्यांनी ताईला फोन लावला.

"निघालास का रे?"

"ताई, माझी पाठ धरली होती, तेव्हा तू गाडीचं काही केलं होतंस?"

"म्हणजे तुला हे आज कळतंय?"

"आज म्हणजे आत्ता. या मिनिटाला."

"अरे देवा! मग तू रागावला नव्हतास?"

"कशाबद्दल रागावू?"

"पट्ट्याबद्दल! शेजारचा मेकॅनिक सहज बघायला आला होता गाडी. म्हणाला, पट्ट्याला भेगा पडल्यात, असे गेले तर वाटेत तुटेल. तू आत कण्हत पडलेला. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाला असतास, मी बघतो म्हणाला असतास. स्कूटरच्या वेळचं आठवतंय ना? मी न विचारता दुरुस्त करून आणली, तर महिनाभर तोंड फुगवून बसला होतास. म्हणून गुपचूप बदलून घेतला. मी स्वतः उभी राहून आवळून घेतला हो. म्हटलं, घट्ट बसव बाबा, माझा भाऊ लांबून येतो."

तपासनिसांच्या मुठीत बोल्टचं डोकं होतं. ते त्यांनी खिशात टाकलं.

"आणि मग तू आलाच नाहीस," ताई बोलत होती. "मी म्हटलं, झालं! कळलेलं दिसतंय याला. बसला रुसून. स्कूटरला महिना लागला, गाडीला जास्त लागेल. म्हणून विषयच काढला नाही मी. नुसतं ये ये म्हणत राहिले. पण काय रे, रागावला नव्हतास तर आला का नाहीस?"

सुट्टी नव्हती, हे शब्द जिभेवर येऊन थांबले. दोन वर्षं ते किती सहज बाहेर पडले होते. आज त्यांची तपासनिसांना शिसारी आली.

"पट्टा बदलायचा होता म्हणून," ते म्हणाले.

फोन कट झाला की काय म्हणून त्यांनी तो कानापासून दूर धरून बघितला. मग ताईच्या हसण्याचा आवाज आला. ती हसली ती हसतच राहिली, गाढवा म्हणाली, मेल्या म्हणाली, आणि हसता हसता केव्हातरी रडू लागली. तपासनीस गॅरेजच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शंभरावर रविवार गेले होते. त्यांतल्या कुठल्याही एका रविवारी सकाळी निघून संध्याकाळी परत येता आलं असतं. गाडी तयार होती, रस्ता होता, ताईने वाटेतला धोकासुद्धा आधीच काढून ठेवला होता. आणि आपण वहीत आकडे लिहीत बसलो. इतकं मूर्ख त्यांना जन्मात कधी वाटलं नव्हतं.

"आता काय करतोस?" ताईने नाक पुसत विचारलं.

"बसने येतो."

"ये. पण जेवण गार होईल हं."

बस चार ठिकाणी थांबली, एकदा विनाकारण थांबली आणि साडेचारला तपासनीस ताईच्या दारात पोचले. घर ओळखू येत नव्हतं. भिंतींवर तसबिरींच्या जागी पांढरे चौकोन राहिले होते आणि बोललं की आवाज घुमत होता. खोक्यांच्या रांगेपुढे ताई खुर्चीवर बसली होती. दोन ताटं झाकून ठेवलेली होती. तिनेही खाल्लं नव्हतं.

"मी टॅक्सी बोलावतो," तपासनीस चपला न काढताच म्हणाले. "अजून उजेड आहे. अर्ध्या तासात दीपगृहापाशी पोचू. शब्द दिला होता मी तुला."

"बस आधी. हात धू."

"अगं, पण अंधार पडला तर..."

"दीपगृह कुठे पळून जात नाही. शेजारीण नेते मला महिन्यातून एकदा तिच्या गाडीतून. परवाच जाऊन आले. पायरीवर बसले घटकाभर, निरोप घेतला, झालं."

तपासनीस तसेच उभे राहिले. "मग दर वेळी फोनवर ते दीपगृह, दीपगृह काय लावलं होतंस?"

"नुसतं ये म्हटलं असतं तर आला असतास तू?" ताईने ताटावरचं झाकण काढलं. "काम असल्याशिवाय तू कधी कुणाकडे गेलायस का, बाळ्या? म्हणून तुझ्यासाठी काम काढून ठेवलं होतं. मला काय करायचंय दीपगृह? तू यावास, एवढंच होतं."

ते खाली बसले आणि जेवले. भात गार झाला होता, तरी दोन वेळा घेतला. मग एका खोक्यावर बसून त्यांनी ताईला दोन वर्षांचं सगळं सांगायला सुरुवात केली. पण दोन वर्षांचं एका संध्याकाळी सांगायला गेलं की काही पुढचं मागे होतं, काही मागचं पुढे, आणि मुख्य ते राहूनच जातं. ताईचंही तसंच झालं. मध्येच ती म्हणायची, "अरे, तुला एक सांगायचं होतं," आणि काय ते आठवायची नाही. "जाऊ दे," ती म्हणायची. "त्या वेळी महत्त्वाचं वाटलं होतं."

रविवारी सकाळी टॅक्सी आली. तपासनिसांनी सामान चढवलं, या खेपेला पाठ सांभाळून. ताईने खिडकीतून हात बाहेर काढून त्यांच्या गालावरून फिरवला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाने रस्त्यात रडू नये म्हणून त्यांनी टॅक्सीवाल्याला टायरमधली हवा तपासली का, असं विचारलं. टॅक्सीवाला हो म्हणाला आणि गाडी निघून गेली.

मंगळवारी डॉक्टरांचा निरोप आला, गाडी तयार आहे. दवाखान्याला सुट्टी होती म्हणून बायकोही बरोबर आली. डॉक्टरांनी नवा बोल्ट टाकला होता. आतला पट्टा तोच ठेवला होता आणि एकशे अकरा दात्यांचा नवा पट्टा डिकीत.

"आता बिनधास्त जा, साहेब. कितीही लांब जा," ते म्हणाले.

तपासनीस गाडीत बसले. बायको शेजारी बसली. किल्ली फिरवायची सोडून ते समोरच्या काचेतून बघत राहिले.

"आता जाऊन जायचं कुठे?" ते म्हणाले. "लांब जाण्यासारखं एकच माणूस होतं. ते गेलं."

बायको थोडा वेळ पर्सच्या चेनशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "माझी धाकटी बहीण राहते. पंचाण्णव किलोमीटरवर."

"राहते की. त्याचं काय?"

"दोन वर्षं तिला सांगतेय, दवाखान्यात फार गर्दी असते, सुटका होत नाही."

तपासनिसांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत ही गोष्ट त्यांच्या डोक्यात एकदाही आली नव्हती. "अगं, मग बसने जायचंस!"

"बसने गेले असते तर तिने विचारलं असतं, गाडी असताना हे का नाही आले. काय सांगणार होते?"

"मला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही बेरीज केली असती."

मागे कुणीतरी हॉर्न वाजवला. तपासनिसांनी किल्लीला हात घातला, आणि हात तिथेच थांबला.

"निघायच्या आधी ब्रेक ऑइल एकदा बघून..."

"काय म्हणालात?"

"काही नाही," तपासनीस म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली. "डावीकडे वळायचं की उजवीकडे, तेवढं सांग. तुझ्या बहिणीचा रस्ता मी विसरलो."